नकलेची वंशावळ

नक्कल पाहून आपण पोट धरून हसतो. हसू ओसरलं की शेजारचा माणूस सांगतो, "अहो, ही अमक्याची नक्कल होती." त्या अमक्याला आपण जन्मात पाहिलेलं नसतं. मग आपण हसलो कशाला?

हा प्रश्न बरीच वर्षं माझा पिच्छा सोडत नाही. मी कविता लिहितो, आणि कवीचं विडंबनाशी नातं मोठं विचित्र असतं. आपल्या कवितेचं कुणी विडंबन केलं तर राग येतो. कुणीच केलं नाही तर अधिक वाईट वाटतं. बी.ए.ला असताना विडंबन आमच्या वाट्याला आलं ते टीपा लिहिण्यापुरतं. केशवकुमारांची 'झेंडूची फुले', साल १९२५, रविकिरण मंडळाच्या ढंगाची थट्टा, झाली टीप. आज मात्र मी कवितेबद्दल बोलणार नाही. टेलिव्हिजनवरच्या एका कार्टूनचा एकच भाग मला उलगडून दाखवायचा आहे. तेवीस-चोवीस मिनिटांच्या त्या भागात इतक्या नकला एकमेकींच्या पोटात बसल्या आहेत की माझ्या प्रश्नाचा गुंता सोडवायला त्याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

मालिकेचं नाव 'द सिम्पसन्स'. मॅट ग्रोनिंग या व्यंगचित्रकाराने जन्माला घातलेलं हे अमेरिकन कुटुंब. डिसेंबर १९८९मध्ये फॉक्स वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि पस्तीस वर्षं उलटून गेली तरी चाललीच आहे. पिवळ्या रंगाची माणसं. अणुवीज केंद्रात नोकरी करणारा आळशी, खादाड बाप होमर. निळ्या केसांचा उंच मनोरा डोक्यावर वागवणारी आई मार्ज. दहा वर्षांचा वांड मुलगा बार्ट. आठ वर्षांची हुशार लिसा आणि चोखणी तोंडात घेतलेली तान्ही मॅगी. गाव स्प्रिंगफिल्ड. कार्टून म्हटलं की आपण मुलांना टीव्हीसमोर बसवून आपल्या कामाला लागतो. इथे उलटं होतं. मुलं पडणाऱ्या-आपटणाऱ्यांना हसतात आणि त्यांच्यामागे उभा राहिलेला बाप वेगळ्याच गोष्टीला हसत असतो.

मी सांगतोय तो भाग ७ ऑक्टोबर १९९३ रोजी दाखवला गेला. लेखक जॉन विटी, दिग्दर्शक रिच मूर. नाव 'केप फीअर'. याच नावाच्या चित्रपटाची ही नक्कल, फक्त इंग्रजी नावाच्या शेवटी एक जादा 'ई' लावला आहे. तो उच्चारात ऐकू येत नाही. रेडिओवर तर नाहीच नाही.

आता वंशावळ पाहा. जॉन डी. मॅकडोनल्ड या लेखकाची 'द एक्झिक्यूशनर्स' ही कादंबरी १९५७ची. तिच्यावरून १९६२ साली जे. ली थॉम्पसन यांनी 'केप फीअर' काढला. त्यात ग्रेगरी पेक वकील आणि रॉबर्ट मिचम हा तुरुंगातून सुटून त्या वकिलाच्या कुटुंबामागे लागलेला माणूस. १९९१मध्ये मार्टिन स्कॉर्सेसी यांनी तोच चित्रपट पुन्हा केला. वकील निक नोल्टी, सूड घ्यायला आलेला रॉबर्ट डी नीरो. स्कॉर्सेसींनी आणखी एक गंमत केली. जुन्या चित्रपटातले पेक आणि मिचम, दोघांनाही नव्या चित्रपटात छोट्या भूमिकांत बोलावलं, तेही बाजू बदलून. जुना सज्जन वकील पेक आता गुन्हेगाराचं वकीलपत्र घेतो आणि जुना गुन्हेगार मिचम पोलीस अधिकारी होतो. म्हणजे कार्टूनवाल्यांच्या हातात पडण्याआधीच हा चित्रपट स्वतःच्या बापाशी बोलत होता.

दोन्ही चित्रपट भयाचे आहेत, आणि ते भय घाणेरडं आहे. तो माणूस वकिलाच्या कोवळ्या वयाच्या मुलीवर डोळा ठेवून असतो. कायदा त्याला हात लावू शकत नाही, कारण तो काही करत नाही. फक्त दिसत राहतो. असल्या गोष्टीला हसायचं कसं?

लेखकांनी सांगाडा तसाच ठेवला आणि मांस बदललं. त्यांच्याकडे साइडशो बॉब नावाचं पात्र आधीपासून होतं. हा बॉब क्रस्टी या विदूषकाच्या कार्यक्रमातला सहायक. ताडाच्या झाडासारखे केस, होडीएवढी पावलं आणि जिभेवर अत्यंत शुद्ध, ग्रंथांत मुरलेली इंग्रजी. १९९०च्या एका भागात त्याने मालकाला दरोड्याच्या खोट्या आळात अडकवलं होतं आणि बार्टने ते उघडकीला आणलं होतं. तेव्हापासून त्याला बार्टचा जीव हवा आहे. त्याचा आवाज केल्सी ग्रॅमर या नटाचा, खर्जातला, रुबाबदार.

गोष्ट अशी. बार्टला रक्ताने लिहिलेली धमकीची पत्रं येऊ लागतात. बॉब तुरुंगात बसून स्वतःच्याच रक्ताने ती लिहितोय. सुटकेचा विचार करणाऱ्या मंडळापुढे तो उभा राहतो, तेव्हा त्याच्या छातीवर गोंदलेलं दिसतं : 'डाय बार्ट, डाय', म्हणजे मर बार्ट, मर. तो शांतपणे सांगतो की हे जर्मन आहे. जर्मन भाषेत 'डी' हा शब्द म्हणजे इंग्रजीतला 'द'. अर्थ एवढाच की 'द बार्ट, द'. मंडळ खूश. जर्मन बोलणारा माणूस वाईट कसा असेल, असं म्हणून त्याला सोडून देतं. हा विनोद कळायला कुठलाही चित्रपट पाहिलेला असण्याची गरज नाही; गेल्या शतकाचा इतिहास ऐकून माहीत असला की पुरतं.

मग सरकारी माणसं सिम्पसन कुटुंबाला नवं आडनाव, नवं गाव देतात. आता तुम्ही सिम्पसन नाही, थॉम्पसन, असं होमरला समजावतात. तालीम घेतात. "नमस्कार, मिस्टर थॉम्पसन" म्हटलं की मान हलवायची. होमर ठोंब्यासारखा पाहत राहतो. ते पुन्हा समजावतात, त्याच्या पायावर पाय देऊन खूण करतात, पुन्हा म्हणतात. शेवटी होमर शेजारच्या माणसाला हळूच सांगतो की बहुधा तो तुमच्याशी बोलतोय. हा प्रसंग केप फीअरमधल्या कशाचीही नक्कल नाही. अख्ख्या भागातला सगळ्यात मोठा हशा कदाचित इथेच असेल. विडंबनाच्या ताटात असं घरचं मीठ असावं लागतं. उसनवारीवर सगळं जेवण होत नाही.

आता नकलेचे बारकावे. बॉबच्या दोन्ही मुठींच्या बोटांवर गोंदलेलं आहे, एकीवर प्रेम आणि दुसरीवर द्वेष. हे केप फीअरमध्ये नाहीच. ते आहे १९५५च्या 'द नाइट ऑफ द हंटर'मध्ये. तिथे रॉबर्ट मिचमने एका खुनी धर्मोपदेशकाचं काम केलं होतं आणि त्याच्या बोटांवर एकेक अक्षर गोंदून 'लव्ह' आणि 'हेट' लिहिलेलं होतं. म्हणजे नकलाकार एका चित्रपटाच्या वाटेने त्या नटाकडे गेला आणि नटाच्या वाटेने दुसऱ्या चित्रपटात शिरला. पण खरी मौज पुढे आहे. कार्टूनमधल्या माणसांना अंगठा धरून चारच बोटं असतात. इंग्रजीत 'लव्ह'ची अक्षरं चार, 'हेट'चीही चार, आणि मुठीवर जागा तिनांचीच. मग बॉबने काय केलं? एका हातावर एल, यू, व्ही असं पोरासोरांचं स्पेलिंग लिहिलं. दुसऱ्या हातावर एच, ए, टी एवढीच अक्षरं बसली, म्हणजे झाली 'हॅट', टोपी. तेव्हा त्याने 'ए'च्या डोक्यावर शब्दकोशात असते तशी आडवी रेघ दिली. म्हणजे वाचणाऱ्याने स्वर लांबवावा आणि 'हेट' वाचावं. डोळ्याची पापणी लवेपर्यंत हे चित्र पडद्यावरून निघून जातं. पण त्यात त्या माणसाचा सगळा स्वभाव आला. खून करायला निघाला आहे, तरी उच्चारचिन्हाची चूक त्याला चालणार नाही.

दुसरा प्रसंग चित्रपटगृहातला. स्कॉर्सेसींच्या चित्रपटात डी नीरो वकिलाच्या कुटुंबापुढच्या रांगेत बसून जाडजूड सिगार ओढत खदाखदा हसतो. ते हसणं ऐकून अंगावर काटा येतो. कार्टूनमध्ये बॉब तेच करतो. पण त्याच्याही पुढे कोण बसलंय? होमर, आणखी मोठी सिगार घेऊन, आणखी मोठ्याने हसत. त्रास होतो तो बॉबला. भीतीची हवा काढून घ्यायची ती अशी, घाबरवणाऱ्याला त्याच्याहून वरचढ बेअक्कल माणूस भेटवून.

तिसरा प्रसंग मोटारीखालचा. डी नीरो मोटारीच्या खालच्या बाजूला स्वतःला बांधून घेतो आणि त्या कुटुंबाबरोबर लपून प्रवास करतो. चित्रपटात ते दृश्य गंभीरपणे घेतलं आहे. बॉबही तसाच जातो, पण होमर मोटार घालतो ती निवडुंगाच्या रानातून. आणि मुक्कामाला पोचून बॉब बाहेर येतो, तर भोवती दंताळीच दंताळी. पाला ओढायचं लांब दांड्याचं दंताळं तुम्ही पाहिलं असेल. दातांवर पाय पडला की दांडा उसळून थोबाडावर बसतो. मूकपटाइतका जुना विनोद. बॉबचा पाय पडतो, दांडा बसतो, तो कण्हतो. वळतो, पुन्हा पाय, पुन्हा दांडा, पुन्हा कण्हणं. असं नऊ वेळा.

यामागचं कारण व्यवहारातलं होतं : भाग ठरलेल्या वेळेपेक्षा कमी भरत होता, म्हणून प्रसंग लांबवला. पण लांबवताना लेखकांना ठाऊक होतं की पहिल्यांदा हसू येईल, मग येईनासं होईल आणि तरीही रेटलं तर पुन्हा येईल, पहिल्याहून जास्त. गझल लिहिणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. रदीफ पहिल्या शेरात नुसती कानावर पडते. तिसऱ्या शेरात ती येणार हे श्रोत्याला आधीच कळतं. सातव्या शेरात तो तिची वाट पाहत असतो आणि शायराच्या आधी स्वतः उच्चारतो. मुशायऱ्यातली अर्धी दाद ही अशी वाट पाहण्याची दाद असते. बॉबचं दंताळं ही रदीफ आहे.

शेवट होडीवर. सिम्पसन कुटुंब 'टेरर लेक'वर एका घरहोडीत राहायला आलेलं. बॉब होडी प्रवाहात सोडतो, घरच्यांना बांधून ठेवतो आणि हत्यार परजून बार्टपुढे उभा राहतो. बार्टला पाटी दिसते : स्प्रिंगफिल्ड पंधरा मैल. तो शेवटची इच्छा सांगतो. तुमचा आवाज इतका गोड आहे, 'एच.एम.एस. पिनाफोर' सबंध गाऊन दाखवाल का? आणि बॉब गातो. पोशाखांसह, आविर्भावांसह, संपूर्ण. ग्रॅमरने ती गाणी स्वतः गायली आहेत. गाणं संपेपर्यंत होडी स्प्रिंगफिल्डला लागते आणि बॉब पोलिसांच्या हाती पडतो.

'पिनाफोर' ही गिल्बर्ट आणि सलिव्हन यांची संगीतिका, २५ मे १८७८ रोजी लंडनला प्रथम झालेली. ती स्वतःच थट्टा आहे. आरमारी वीरनाटकांची, उच्चनीचतेची, आणि कधी समुद्रावर न गेलेल्या आरमारमंत्र्याची. डब्ल्यू. एच. स्मिथ हे पुस्तकविक्रीतून मोठे झालेले गृहस्थ १८७७ साली खरोखरच ब्रिटनचे आरमारमंत्री झाले होते, आणि लोकांनी टोपी बरोबर ओळखली. म्हणजे नकलेच्या पोटातली ही आणखी एक नक्कल, शंभरावर वर्षं जुनी.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. डी नीरोचा गुन्हेगार बुडता बुडता भक्तिगीत गातो. त्याच जागी इथे संगीतिका आली. चित्रपटातल्या माणसाला पाणी बुडवतं. बॉबला बुडवते त्याची कला. ऐकणारा मिळाला की कलावंताला हातातलं कामही सुचत नाही, मग ते काम खुनाचं का असेना. 'आणखी एक होऊन जाऊ द्या' या पाच शब्दांपायी शेवटची एस.टी. चुकवलेले कवी मी पुष्कळ पाहिले आहेत. गोष्ट इथे चित्रपटाचा हात सोडते आणि पात्राच्या स्वभावावर उभी राहते. चित्रपट न पाहिलेल्यालाही हसू येतं ते म्हणून.

उल्लेख आणि विडंबन यांत म्हणूनच फरक करायला हवा. याच भागात बॉब राहतो त्या लॉजचं नाव 'बेट्स मोटेल'. ते हिचकॉकच्या १९६०च्या 'सायको'मधलं. ओळखणारा ओळखतो, न ओळखणाऱ्याचं काही बिघडत नाही, आणि गोष्टीलाही त्याने फार काही मिळत नाही. हा नुसता डोळा मिचकावणं झालं. पुढच्या काळात अशा डोळे मिचकावण्याचा कारखानाच निघाला. १९९९ साली सुरू झालेल्या 'फॅमिली गाय'मध्ये पात्राने एखादं नाव घ्यायचं आणि लगेच गोष्ट थांबवून त्या नावाचा एक तुकडा दाखवायचा, ही रीतच पडली. मला त्याचा लवकर कंटाळा येतो. ओळख पटल्याचा आनंद असतो, पण कोडं सुटल्यावर ते पुन्हा सोडवावंसं वाटत नाही. दंताळी मात्र मी आजही पाहतो.

आदराने केलेली उसनवारीही असते. याच मालिकेच्या १९९०च्या एका भागात एडगर ॲलन पो यांची 'द रेव्हन' ही १८४५ची कविता घेतली आहे. जेम्स अर्ल जोन्स यांच्या घनगंभीर आवाजात तिचे शब्द जसेच्या तसे. फक्त शोक करणारा होमर आणि तो कावळ्यासारखा काळा पक्षी म्हणजे बार्ट. एका कवीला याहून काय हवं? उर्दूत याला तजमीन म्हणतात. दुसऱ्याची ओळ जशीच्या तशी ठेवून तिला आपल्या ओळी जोडायच्या.

आता संगीताकडे येतो. १९६२च्या चित्रपटाला बर्नार्ड हर्मन यांचं संगीत होतं. पितळी वाद्यांवर चार सुरांची उतरती पायरी. हर्मन १९७५ साली गेले. १९९१मध्ये एल्मर बर्नस्टीन यांनी तेच संगीत नव्या चित्रपटासाठी बांधून दिलं. कार्टूनचे संगीतकार आल्फ क्लाउसेन यांनी तेच चार सूर बॉबला दिले आणि ते त्याला असे चिकटले की पुढच्या भागांतही तो आला की तेच वाजू लागले.

माझ्या मुलीने आधी कार्टून पाहिलं होतं. पुढे एकदा १९६२चा कृष्णधवल चित्रपट आम्ही मिळून पाहायला बसलो. नामावली सुरू झाली, ते चार सूर वाजले आणि ती हसली. तिच्या कानात ते दंताळ्यांचं संगीत होतं. मला ते लागलं. त्या सुरांची भीती तिला आता कधीच वाटणार नाही. नकलेने अस्सलाची एक वस्तू कायमची काढून घेतली, आणि ती परत करण्याची सोय नाही. आणि हेही तितकंच खरं की कार्टून नसतं तर ती दोन तास कृष्णधवल चित्रपटापुढे बसलीच नसती. तिच्यासाठी नातू आधी जन्मला आणि आजोबा नंतर.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे याच सुमाराला हा झगडा वेगळ्या रूपात आला होता. रॉय ऑर्बिसनच्या एका गाजलेल्या गाण्याचं 'टू लाइव्ह क्रू' या रॅप गायकांनी विडंबन केलं आणि हक्कधारक कंपनी कोर्टात गेली. मार्च १९९४मध्ये न्यायालयाने एकमताने म्हटलं की विडंबन विकून पैसे मिळवले एवढ्यावरून ते चोरी ठरत नाही. मात्र विडंबनाचा रोख मूळ कृतीवर हवा. नवं काही घडवायचे कष्ट वाचावेत म्हणून उचलेगिरी केली तर हे कवच मिळणार नाही. त्या कसोटीला बेट्स मोटेलची पाटी लावून पाहा आणि होमरची सिगार लावून पाहा.

नक्कल अस्सलाला मारते की जगवते, या प्रश्नाचा शेवटपर्यंत पाठलाग केला तो ॲन वॉशबर्न या नाटककार बाईंनी. २००८ साली त्यांनी 'द सिव्हिलियन्स' या न्यूयॉर्कच्या नाट्यसंस्थेतल्या काही नटांना वॉल स्ट्रीटखालच्या एका बँकेच्या जुन्या तिजोरीघरात बसवलं आणि सांगितलं, सिम्पसन्सचा एखादा भाग आठवा. कागद नाही, चित्रफीत नाही. त्यांनी आठवला तो 'केप फीअर'. त्या आठवणींतून 'मिस्टर बर्न्स, अ पोस्ट-इलेक्ट्रिक प्ले' हे नाटक झालं आणि २०१२ साली वॉशिंग्टनच्या वुली मॅमथ थिएटरमध्ये ते पहिल्यांदा रंगमंचावर आलं.

पहिल्या अंकात वीज गेलेली आहे, आणि पुन्हा येणार नाही. अणुवीज केंद्रं कोसळली आहेत, बहुतेक माणसं मेली आहेत. उरलेली चार-सहा शेकोटीभोवती बसून तो भाग आठवतात. पत्रं, गोंदण, जर्मन, सिगार. एकाला एक तुकडा आठवतो, दुसरा त्याला दुरुस्त करतो. मध्येच अनोळखी माणूस येतो. मग सगळे आपापल्या वह्या काढून हरवलेल्या माणसांची नावं विचारतात. भेटली का कुठे? नाही. पुन्हा कार्टून आठवू लागतात.

दुसरा अंक सात वर्षांनंतरचा. तीच माणसं आता फिरती नाटकमंडळी झाली आहेत. गावोगाव सिम्पसन्सचे प्रयोग करतात आणि कुणाला एखादं विसरलेलं वाक्य आठवत असेल तर ते विकत घेतात. जात्यावरच्या ओव्या अशाच टिकल्या. एकीला आठवल्या, दुसरीने भर घातली. तिसरा अंक आणखी पंचाहत्तर वर्षांनी. आता ते विनोदी राहिलेलं नाही. मुखवटे, समूहगान, विधीसारखं संथ नाट्य. केप फीअरचे दोन्ही चित्रपट कुणाला ठाऊकही नाहीत. होडी तेवढी उरली आहे, बार्ट उरला आहे. खलनायक मात्र बॉब राहिलेला नाही. त्याच्या जागी आला आहे मिस्टर बर्न्स, म्हणजे कार्टूनमधला अणुवीज केंद्राचा मालक. ज्यांचं जग अणुवीज केंद्रांनी संपवलं, त्यांच्या पोरानातवंडांना सैतान म्हणून दुसरा कोण दिसणार? बॉबला घाबरण्याचं त्यांना काही कारणच उरलेलं नव्हतं.

बार्ट लढतो, जिंकतो, गातो. मागे विजेचे दिवे एकेक करून लागत जातात, पंचाहत्तर-ऐंशी वर्षांनी लागावेत तसे. आणि मग दिसतं की बर्न्सचं काम केलेला नट कोपऱ्यात जागच्या जागी पायडल मारतोय. त्याचे पाय थकू लागतात, तसे दिवे मंद होत जातात.